मूड: चांगला, वाईट की आज्ञार्थी?

जुनी_सायकल:
परवा सकाळी फिरून येताना गल्लीच्या तोंडाशी टपरीच्या फळीखाली एक कुत्रं झोपलेलं दिसलं. पावसाची भुरभुर चालू, शेजारून रिक्षा चिखल उडवत चाललेल्या, आणि हे पठ्ठं चारी पाय वर करून गाढ. फोटो काढला, घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला. पाच मिनिटांत पुतणीचं उत्तर आलं: 'मूड.' बस्स, एवढंच. पुढे ना क्रियापद, ना काही. आमच्या दादाने विचारलं, 'कुणाचा?' त्यावर तिने हसणारे तीन चेहरे टाकून विषय संपवला. माझा संपला नाही.

कारण या शब्दाने मला पूर्वी एकदा चांगलंच तोंडघशी पाडलंय. पंचवीसेक वर्षांपूर्वी कंपनीने (पिंपरीकडची, नाव नको) तीन महिन्यांसाठी इंग्लंडला धाडलं होतं. तिथल्या ड्रॉइंग ऑफिसात बसायचो. एका शुक्रवारी शेजारच्या टेबलावरचा गोरा हळूच म्हणाला, 'बॉस इज इन अ मूड टुडे.' मला वाटलं, देव पावला! आपल्याकडे शिपायाने 'साहेब आज मूडमध्ये आहेत' असं सांगितलं की आम्ही रजेचे अर्ज, ओव्हरटाइमची बिलं, जे अडलं असेल ते घेऊन केबिनबाहेर रांग लावायचो. मला सोमवार-मंगळवारची सुट्टी जोडून स्कॉटलंड बघायचं होतं. अर्ज घेऊन आत गेलो आणि वर हसत हसत 'आय हिअर यू आर इन अ मूड, सर' असंही बोललो. साहेबाने चष्मा काढला, घडी घातली, टेबलावर ठेवला. पुढचं सांगत नाही. स्कॉटलंड अजून बघायचं राहिलंय.

काल घरची जाडी डिक्शनरी उघडली तर गोंधळ वाढलाच. 'मूड' दोनदा छापलाय. एकाच्या डोक्यावर बारीक १, दुसऱ्याच्या २. पहिल्यात मनाच्या गोष्टी, दुसऱ्यात व्याकरण. स्पेलिंग तेच, उच्चार तोच, मग दोन नोंदी कशाला? जाणकारांनी प्रकाश टाकावा.

पेठेतला_पोपट:
टाकला असता. पण आज मूड नाही.

अनुस्वार_ताई:
सायकलकाका, तुम्हाला त्या एवढ्याशा 'अ' ने पाडलं. मी मराठी माध्यमाच्या शाळेत तीस वर्षं इंग्रजी शिकवलं, आर्टिकलपायी किती मुलं पडली ते मला विचारा.

'इन अ मूड' म्हणजे माणूस घुश्शात आहे, बिनसलंय, वाटेला जाऊ नका. तिथे चांगलं म्हणायचं असेल तर 'गुड' घालावंच लागतं. 'अ' काढून 'द' घातला की सगळं पालटतं. 'इन द मूड' म्हणजे तयारी आहे, इच्छा आहे. पाऊस पडतोय आणि भज्यांची इच्छा झाली तर 'इन द मूड फॉर भजी'. 'इन नो मूड' म्हटलं तर तो नुसता कंटाळा नव्हे, त्यात थोडी दमदाटी असते: माझ्याशी आत्ता वाद घालू नकोस. आणि एखाद्याचे 'मूड्स' असतात असं अनेकवचनात म्हटलं की तो तऱ्हेवाईक ठरला.

मराठीने हा शब्द उचलला आणि आर्टिकलं तिथेच टाकून आली, कारण आपल्याला ती लागत नाहीत. मग उरला नुसता मूड. तो आपण चांगला धरला, इंग्रजाने वाईट धरला. 'भाजीला चव नाही' म्हणतो तेव्हा भाजीला काहीच चव नाही असं थोडंच असतं? चांगली चव नाही. 'त्याच्या वागण्याला रीत नाही', तसंच. 'मूड नाही' म्हणजे चांगला मूड नाही. तुमचा शिपाई मराठीच्या हिशेबाने बरोबर होता, तुमचा गोरा इंग्रजीच्या. चूक एकट्या तुमची.

'मूडी' चंही तेच. आपल्याकडे मूडी माणूस म्हणजे लहरी, आणि त्यात थोडं कौतुकही असतं. 'मोठा कलावंत आहे हो, पण मूडी.' इंग्रजीतला मूडी मात्र बहुतेक वेळा तोंड फुगवून कोपऱ्यात बसलेला सापडतो.

जुनी_सायकल:
ताई, शेवटचं वाक्य लागलं. पण मान्य.

वामकुक्षी:
एवढी चर्चा कशाला? मूळ शब्द आपलाच आहे. संस्कृतातला 'मुद्' धातू, म्हणजे आनंद होणे. मोद, आमोद, प्रमोद, मोदक. इंग्रजांनी उचलला आणि 'मूड' केला. म्हणून तर आपल्याकडे मूड म्हणजे चांगलाच. जय गणेश.

रानडेतली_जर्मन:
वामकुक्षी, मोदकाचा मान राखून सांगते, हे जुळत नाही. आणि न जुळण्याचं कारण फार गमतीचं आहे.

संस्कृतातला 'द' इंग्रजीच्या घराण्यात गेला की त्याचा 'ट' होतो. दश आणि टेन. द्वि आणि टू. पाद आणि फूट. दंत आणि टूथ. हा नियम ग्रिमच्या नावाने ओळखला जातो, परीकथावाल्या दोन भावांतला याकोब. १८२२ साली त्याने तो मांडला. तेव्हा 'मुद्' चा कुणी सख्खा भाऊ इंग्रजीत असता तर त्याच्या शेवटी 'ट' आला असता, 'ड' नाही. 'मूड' आणि 'मुद्' ऐकायला इतके सारखे आहेत हाच त्यांच्याविरुद्धचा पुरावा!

खरं मूळ जुन्या इंग्रजीत आहे. तिथे हा शब्द 'मोड' असा उच्चारायचे, ओ लांब. मन, काळीज, धैर्य, गर्व, राग, एवढं सगळं त्यात मावायचं. मग काही शतकांत इंग्रजीतले लांब 'ओ' सरकून 'ऊ' झाले, म्हणून 'मोड' चा 'मूड' झाला. स्पेलिंगमधले दोन ओ ही त्या जुन्या उच्चाराची खूण. 'मून' चं तेच, तो पूर्वी 'मोना' होता.

त्या काळात 'मोडिग' म्हणजे शूर, छातीचा माणूस. आजचा 'मूडी' त्याचाच वंशज. घोड्यावरून लढाईला जाणारा गडी हजार वर्षांत उतरत उतरत सोफ्यावर रुसून बसला. जर्मनने जुनी बाजू सोडली नाही, तिथे 'मूट' म्हणजे अजूनही धैर्य. त्याचे जोडशब्दही बघा. होखमूट म्हणजे उंच मूट, म्हणजे उर्मटपणा. डेमूट म्हणजे नम्रता. वेमूट म्हणजे जुन्या आठवणीने होते ती गोड हुरहुर.

पेठेतला_पोपट:
मग गरिबीला जर्मनमध्ये 'आरमूट' म्हणतात ते काय? गरिबाचं धैर्य? (ए-१ पर्यंत मीही गेलो होतो. मग फी वाढली.)

रानडेतली_जर्मन:
मीही वर्गात हाच शोध लावला होता आणि बाईंनी सगळ्यांसमोर खोडून काढला. त्यातलं 'ऊट' हे नुसतं शेपूट आहे, 'गरिबी' मधल्या 'ई' सारखं. मूटशी संबंध नाही. दिसतं तसं नसतं.

मटकी_उसळ:
म्हणजे इंग्रजांना मोड आले आणि त्याचे मूड झाले. आमच्या घरी फडक्यात बांधून ठेवलेल्या मटकीला आलेत. दोन्हीला रात्रभर उबेत ठेवावं लागतं.

पण तो दुसरा मूड, नंबर २ वाला? आणि मोबाइलचा सायलेंट 'मोड' यातला कोण?

अनुस्वार_ताई:
उसळबाई, नेमकं बोललात. नंबर २ हा मोबाइलच्या मोडचाच सख्खा. लॅटिनमध्ये 'मोदुस' म्हणजे माप, रीत, पद्धत. त्यावरून 'मोड'. व्याकरणात क्रियापद कोणत्या रीतीने बोलतंय, सांगतंय, हुकूम सोडतंय की इच्छा करतंय, त्यालाही मोडच म्हणत. सोळाव्या शतकात इंग्रज त्याचं स्पेलिंग 'मूड' सारखं करायला लागले. मनाचा मूड आधीपासून घरात होता, उच्चार जवळचा, अर्थही जुळवला तर जुळतो. पाहुणा घरच्यांसारखाच दिसतो म्हटल्यावर त्याला आडनावही घरचंच चिकटलं. म्हणून डिक्शनरीवाला प्रामाणिकपणे दोन नोंदी करतो.

मोदुसचं खानदान मोठं आहे. मॉडेल, मॉडर्न, मॉडेस्ट, मॉडरेट, कमॉडिटी. आणि हो, फ्रेंचमधून फिरून आलेला कमोडसुद्धा. मूळ अर्थ 'सोयीचा'.

पेठेतला_पोपट:
थांबा. म्हणजे व्याकरणातला मूड आणि कमोड चुलतभाऊ, पण मनाचा मूड आणि व्याकरणाचा मूड यांचं काही नातं नाही? पहाटे साडेपाचला उठणाऱ्या माणसाला विचारा, मूडचा संबंध कशाशी आहे ते.

संपादक_मंडळ:
पोपटराव, धागा ज्ञानाच्या दिशेने चालला आहे. तसाच राहू द्यावा.

लकार:
संपादकांचं 'राहू द्यावा' वाचून राहवलं नाही. हाच तो नंबर २ चा मूड. आणि यात एक अशी गंमत आहे की हा धागा निघाल्यापासून कुणी ती बोललं कसं नाही याचं आश्चर्य वाटतंय.

सायकलकाकांनी विचारलं, मूडचे अर्थ काय? पण मराठी व्याकरणात त्या दुसऱ्या मूडला म्हणतातच 'अर्थ'! सातवी-आठवीतलं आठवा: क्रियापदाचे अर्थ चार. स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ. आपण घोकले, पेपरात रकाने भरले आणि विसरलो. यातला स्वार्थ म्हणजे आपमतलब नव्हे, क्रियापदाचा स्वतःचा साधा अर्थ. 'पाऊस पडतो.' पडतोय एवढंच सांगितलं, त्यात बोलणाऱ्याचा हट्ट नाही, हुकूम नाही.

हे शिकायला पुस्तक लागत नाही, पेठांतून एक चक्कर मारली तरी चालतं. समजा, एका वाड्याच्या फाटकावर पाटी लावायची आहे.

'येथे गाडी लावू नका.' हा आज्ञार्थ. समोर कुणीतरी 'तुम्ही' आहे आणि त्याला सांगितलंय.

'येथे गाडी लावू नये.' हा विध्यर्थ, आणि पुणेकराचा लाडका. का लाडका? कारण 'नका' म्हटलं की समोरच्याला उत्तर देता येतं, 'तुम्ही कोण सांगणार?' 'नये' मध्ये सांगणारा नाही आणि ऐकणाराही नाही. जणू हे सृष्टीच्या आरंभापासून ठरलेलं आहे, मालक फक्त कळवतोय. भांडायचं कुणाशी?

'येथे लावलेल्या गाडीची हवा जाते.' हा स्वार्थ. शुद्ध माहिती. कोण काढतं, कधी काढतं, काही नाही. सूर्य पूर्वेला उगवतो तशी हवा जाते. माझ्या मते सर्वांत जहाल पाटी हीच. हुकमाचा एक शब्द नाही आणि वाचणारा स्कूटर पुढे ढकलतो.

'फाटक तुमचं असतं तर तुम्ही इथे गाडी लावली असती का?' हा संकेतार्थ. असं झालं असतं तर तसं झालं असतं. मालक निवृत्त शिक्षक असावेत.

गाडी तीच, फाटक तेच, मालकाच्या पोटातली इच्छाही तीच. बदलला तो क्रियापदाचा मूड. म्हणून अनुस्वारताईंना एवढंच म्हणेन, मूळ वेगळं असेल, पण इंग्रजांनी दोघांचं स्पेलिंग एक केलं ते अगदीच अडाणीपणाने केलं नाही.

मटकी_उसळ:
लकारजी, दंडवत. आमच्या सोसायटीत 'लिफ्टचे दार नीट लावावे' अशी पाटी होती. कुणी लावेना. मग सेक्रेटरींनी 'लिफ्टचे दार नीट न लावणारे जिना वापरतात' अशी लावली. आता सगळे लावतात.

लकार:
विध्यर्थातून स्वार्थात. सेक्रेटरींना आमचा नमस्कार सांगा.

वामकुक्षी:
झोप झाली, आता संस्कृतावर या. मोदक हरला तरी संस्कृत हरत नाही.

लकार:
इथे मात्र संस्कृत खरोखर पुढे आहे. पाणिनीने काळ आणि मूड यांची वेगळी कपाटं केली नाहीत, दोन्ही एकाच माळेत ओवली. ते दहा लकार. म्हणून माझं हे नाव. लट् म्हणजे वर्तमान. लोट् म्हणजे आज्ञा. विधिलिङ् म्हणजे करावं, व्हावं. आशीर्लिङ् खास आशीर्वादापुरता, पत्रिकेच्या शेवटी 'शुभं भूयात्' असतं ना, तो. लृङ् म्हणजे जे घडलं नाही त्याची हळहळ. त्याचं पाठशाळेतलं ठरलेलं उदाहरण पावसाचंच आहे: 'सुवृष्टिश्चेदभविष्यत् तदा सुभिक्षमभविष्यत्.' चांगला पाऊस झाला असता तर सुकाळ झाला असता. खडकवासल्याकडे बघत पुणेकर उन्हाळ्यात हेच म्हणतो, फक्त मराठीत.

आणि लेट्. हा फक्त वेदांत सापडतो, पुढच्या संस्कृतातून गेला. एक अख्खा मूड भाषेतून नाहीसा झाला.

अनुस्वार_ताई:
इंग्रजीतही तोच प्रकार झालाय. त्यांचा सबजंक्टिव्ह, म्हणजे इच्छा-कल्पना सांगणारा मूड, जवळजवळ गेलाच, ठिकठिकाणी हाडं सापडतात. 'गॉड सेव्ह द किंग' यात 'सेव्ह्ज' का नाही, असा प्रश्न मला दरवर्षी एक तरी हुशार मुलगा विचारायचा. देव वाचवतो अशी ती बातमी नाही, वाचवो अशी इच्छा आहे. 'इफ आय वेअर यू' मधला 'वेअर' त्याच घरचा. मी मुलांना सांगायची, 'देव तुझं भलं करो' मधला 'करो' आठवा आणि 'एस' खोडा. मराठीत तो 'ओ' आशीर्वादात आणि शापात अजून ठणठणीत आहे.

तंबोरा:
उशिरा आलो, पण संगीतातला मूड कुणीच घेतला नाही म्हणून लिहितो.

पाश्चात्त्य संगीतात सुरांच्या ठेवणीला 'मोड' म्हणतात. डोरियन, फ्रिजियन वगैरे. हा तोच लॅटिन मोदुस, आणि जुन्या इंग्रजी पुस्तकांत याचंही स्पेलिंग 'मूड' असं करत. म्हणजे दोन शब्द एकमेकांत मिसळायची ही आणखी एक जागा. ग्रीकांना तर ठाम वाटायचं की मोड बदलला की माणसाचा मूड बदलतो. प्लेटोने त्याच्या आदर्श नगरात डोरियन आणि फ्रिजियन ठेवले, रडके आणि सुस्तावणारे मोड हद्दपार केले.

आता आपल्याकडे बघा. त्यांचे अभ्यासक आपल्या रागाला 'मोड' म्हणून मोकळे होतात. आपल्याला ते पटत नाही, कारण राग म्हणजे नुसती स्वरांची शिडी नव्हे. पण 'राग' या शब्दाचंच मराठीत काय झालंय? मूळ रंगवणे या अर्थाच्या धातूपासून आला. म्हणून रंग, म्हणून आसक्ती, अनुराग. संगीतात मारवा, भैरव. आणि स्वयंपाकघरात 'मला राग आलाय'. रानडेताईंनी वर सांगितलं की जुन्या 'मोड' मध्ये राग हाही अर्थ होता. दोन भाषांनी एकमेकींना न विचारता संगीत आणि संताप एकाच भांड्यात ठेवले.

एक प्रसंग. आमच्या गुरुजींकडे पहाटे तंबोरा लावताना मी अर्धा तास खुंट्या पिळत बसायचो. चारही तारा सुरात, पण आवाज मेलेला. गुरुजी यायचे, घोडीवर तारेखाली जे सुती दोऱ्याचं तुकडं असतं ते नखाने केसभर पुढे सरकवायचे. जवारी, म्हणजे तारेची ती भरीव गुंजन, उघडायची. खोली भरून जायची. मग म्हणायचे, 'आता बस.' माझ्यापुरता मूड या शब्दाचा अर्थ तो दोरा आहे. गाणं नव्हे, सूरही नव्हे, तारेखालचा दोरा.

रानडेतली_जर्मन:
तंबोराकाका, अंगावर काटा आला. मघाशी राहिलं होतं ते सांगते. जर्मनमध्ये 'मूट' धैर्याकडे गेला, मग मूडला शब्द कोणता? 'श्टिमुंग'. आणि श्टिमुंगचा दुसरा अर्थ वाद्य सुरात लावणं!

कोथरूडची_मावशी:
वाचतेय कालपासून. माझी आजी नव्वदीपर्यंत होती, तिच्या तोंडून 'मूड' कधी ऐकला नाही. मग ती काय म्हणायची ते आठवत बसले.

साहेब लोकांची असायची 'मर्जी'. ती सांभाळावी लागे. आजोबांची असायची 'लहर', ती यायची आणि फिरायची. लाट जशी, तशी. विषाचीही लहर असते, हे ती आजोबांच्या देखतच सांगायची. मुलांना यायची 'हुक्की'. गवयाला चढायचा 'रंग'. शेजारणीला होती 'मिजास'. या मिजाशीचं मूळ अरबी आहे, अर्थ 'मिश्रण'. शरीरातल्या रसांचं मिश्रण बिघडलं की स्वभाव बिघडला, अशी जुन्या हकिमांची समजूत. इंग्रजी 'टेंपरामेंट' चंही मूळ मिसळणे हेच. मराठीने मात्र सगळं मिश्रण ओतून दिलं आणि तोरा तेवढा ठेवला, जर्मनांच्या त्या होखमूटसारखा.

आणि स्वतःबद्दल? स्वतःची मर्जी नाही, लहर नाही, मिजास तर नाहीच. गुडघे दुखायला लागल्यावर एवढंच म्हणायची, 'आज उमेद नाही गं.' वरचं ते मन, काळीज आणि धैर्य एकत्र असलेलं जुनं इंग्रजी वाचलं आणि वाटलं, हीच की उमेद. एवढ्या शब्दांमध्ये बायकांच्या वाट्याला एकच का आला, हा वेगळा धागा होईल. काढत नाही. उमेद नाही.

जुनी_सायकल:
मावशी, काढाच.

ओपीडीतून:
मी मनोविकारांचा डॉक्टर. आमच्याकडे या शब्दाला आणखी एक काटेकोर अर्थ आहे. तपासताना आम्ही दोन गोष्टी वेगळ्या लिहितो, 'मूड' आणि 'अफेक्ट'. मूड म्हणजे पेशंट स्वतः सांगतो ती मनाची टिकून राहिलेली अवस्था, शक्यतो त्याच्याच शब्दांत. अफेक्ट म्हणजे समोर बसलेला असताना त्याच्या चेहऱ्यावर, आवाजात आम्हाला दिसतं ते. आमच्या पाठ्यपुस्तकातली उपमा हवेची आहे. अफेक्ट म्हणजे आजची हवा, मूड म्हणजे हवामान. ऑक्टोबरमध्ये एक सर संध्याकाळी येऊन गेली म्हणून पुण्याचा पावसाळा लांबला असं होत नाही.

म्हणून 'मूड ऑफ आहे' म्हणत कुणी आलं की पहिला प्रश्न, किती दिवस? नैराश्याच्या निदानाला इतर लक्षणांबरोबर निदान दोन आठवडे, बहुतेक दिवसभर, जवळजवळ रोज, अशी अट असते. मॅच हरल्यावरचा मूड त्यात बसत नाही.

एक निरीक्षण. विशीतली मुलं आत येऊन 'मूड स्विंग्ज' म्हणतात. पन्नाशीपुढची माणसं मूड हा शब्द वापरतच नाहीत. 'मन लागत नाही', 'जेवण गोड लागत नाही', 'डोकं जड असतं', असं सांगतात. परवा एक आजोबा म्हणाले, 'पेपर येतो, घडी मोडावीशी वाटत नाही.' मी मूडच्या रकान्यात तेच वाक्य लिहिलं.

बार्बारा:
तर्कशास्त्र विसरलात! फर्ग्युसनला दोन वर्षं याच मूडशी झटलोय. हाही मोदुसवाला.

दोन विधानं आणि एक निष्कर्ष, असा साचा. प्रत्येक जागी चार प्रकारची विधानं बसू शकतात: सर्व आहेत, कोणीही नाही, काही आहेत, काही नाहीत. तीन जागा, चार प्रकार, म्हणून ६४ मूड. दोन्ही विधानांत सामाईक असलेलं पद कुठे बसतं त्यावरून प्रत्येकाच्या चार आकृती, एकूण २५६. पारंपरिक हिशेबाने त्यातले २४ टिकतात, बाकी कचरा. मध्ययुगातल्या मास्तरांनी पाठांतरासाठी टिकाऊ मूडना नावं दिली. बार्बारा, केलारेंट, दारिई, फेरिओ. नावातले स्वर म्हणजे विधानांचे प्रकार. बार्बारात तीन 'आ', म्हणजे तिन्ही 'सर्व'.

सर्व पुणेकर दुपारी झोपतात. सर्व वामकुक्षी पुणेकर. सबब सर्व वामकुक्षी दुपारी झोपतात. हा बार्बारा.

कोणताही पुणेकर पत्ता विचारल्यावर नुसता पत्ता सांगत नाही. सर्व कोथरूडकर पुणेकर. सबब कोणताही कोथरूडकर नुसता पत्ता सांगत नाही. हा केलारेंट.

वामकुक्षी:
पहिलं विधान अमान्य. मी डोळे मिटून विचार करतो.

कुत्र्याखालची_मूड:
नमस्कार. मी ती पुतणी. काकांनी लिंक पाठवली आणि 'खुलासा करावा' असं लिहिलं. (लकारकाका, हा विध्यर्थ ना? की विनंतीच्या कपड्यातला आज्ञार्थ?)

तर, तो मूड कुत्र्याचा नाही. 'हे बघून मला माझंच आठवलं', 'मी पण अगदी अशीच', एवढाच त्याचा अर्थ. परीक्षा तोंडावर, बाहेर पाऊस, आणि कुत्रं पाय वर करून झोपलंय. मूड. फारच पटलं तर 'बिग मूड'. त्यात चांगला-वाईट काही नसतं, आर्टिकल पण नसतं, बाबांनी विचारलं तसं 'कुणाचा' पण नसतं. जो म्हणतो त्याचा.

आणि तुम्ही लोक इतके गोंधळलात याचंच हसू येतंय, कारण या धाग्यावर तुम्ही सगळे रोज हेच करता. कुणाचं पटलं की खाली '+१' लिहिता. तेच आहे ते.

अनुस्वार_ताई:
+१

मटकी_उसळ:
+१

तंबोरा:
मूड.

जुनी_सायकल:
सगळ्यांचे आभार. पंचवीस वर्षांनी का होईना, त्या साहेबाच्या केबिनमध्ये नक्की काय चुकलं ते कळलं.

जाता जाता एक शंका. आत्ताच घरच्या ग्रुपवर हिचा निरोप आलाय: 'आज स्वयंपाकाचा मूड नाही.' ही आतल्या खोलीत, मी बाहेरच्या. लकारजी, हा स्वार्थ धरू का? नुसती माहिती?

लकार:
नाही. हा आज्ञार्थ. चपला घाला.

पेठेतला_पोपट:
आणि डबा घेऊन जा. पार्सलचे पैसे वेगळे पडतात, तशी पाटी आहे.